एक आठवडा वर्गात, एक आठवडा कारखान्यात

'सहकारी' हा शब्द मराठवाड्यात उच्चारला की साखर कारखाना, दूध संघ किंवा पतसंस्था डोळ्यांपुढे येते. अभियांत्रिकी शिक्षणाच्या इतिहासात मात्र या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. महाविद्यालय आणि कारखाना यांनी मिळून एकच विद्यार्थी घडवायचा, हा तो अर्थ. वीजकेंद्र चालवणारा अभियंता कसा तयार होतो हे समजून घेताना तो उपयोगी पडतो. त्यासाठी आपण बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथचे उदाहरण घेऊ.

परळीच्या औष्णिक वीजकेंद्रात १९७१ मध्ये ३० मेगावॅटचा पहिला संच सुरू झाला. पुढच्या वर्षी तेवढाच दुसरा आला. १९८० मध्ये तिथे २१० मेगावॅटचा संच उभा राहिला. म्हणजे नऊ वर्षांत एका संचाची क्षमता सातपट झाली. अशा संचातील वाफेचे तापमान सुमारे ५३५ अंश सेल्सिअस असते आणि टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेते. हे आकडे पुस्तकात मिळतात. पुस्तकातून सहज न मिळणारी एक गोष्ट पाहू.

बॉयलरच्या वरच्या भागात 'ड्रम' नावाचे पोलादी पिंप असते. त्यातील पाण्याची पातळी ठरावीक मर्यादेत राखावी लागते. विजेची मागणी एकदम वाढली की टर्बाइन जास्त वाफ ओढते आणि ड्रममधील दाब उतरतो. दाब उतरताच पाण्यातील वाफेचे बुडबुडे फुगतात, नवे बुडबुडे तयार होतात आणि पातळी वर चढल्यासारखी दिसते. वास्तविक त्या क्षणी ड्रममधील पाणी कमी होत असते! पातळी वाढली असे समजून कोणी पाणी तोडले, तर थोड्याच वेळात नळ्या कोरड्या पडून जळण्याचा धोका असतो. स्वयंचलित नियंत्रण ही चूक टाळते, पण ते बंद पडले तर निर्णय माणसालाच घ्यावा लागतो. दाब आणि आकारमान यांचा संबंध आपण शाळेतच शिकवतो. काटा वर जात असताना हात आवरण्याचे भान मात्र त्या काट्यासमोर, जाणत्या माणसाशेजारी उभे राहूनच येते.

नेमकी हीच अडचण हर्मन श्नायडर या अमेरिकी प्राध्यापकाने ओळखली होती. १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात त्याने २७ विद्यार्थ्यांचा सहकारी शिक्षणक्रम सुरू केला. विद्यार्थ्यांच्या जोड्या केल्या. जोडीतील एक जण वर्गात, तर दुसरा कारखान्यात. दर आठवड्याला अदलाबदल. त्यामुळे कारखान्यातील जागा रिकामी राहत नसे, विद्यार्थ्याला मजुरी मिळे आणि सहा वर्षांत शिक्षण पूर्ण होई. इंग्लंडमध्ये संडरलंड येथे १९०३ पासूनच असा एक प्रयोग चालू होता. अशा अभ्यासक्रमांना तिथे पुढे 'सँडविच' हे नाव पडले.

आपल्याकडे १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९७३ च्या दुरुस्तीने पदवी आणि पदविकाधारकांनाही त्यात स्थान मिळाले. पदवीनंतर वर्षभर विद्यावेतनावर उमेदवारी करण्याची सोय झाली. वीज अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली. तिचे एक केंद्र नागपूरला आहे. खऱ्या नियंत्रण कक्षासारख्या सिम्युलेटरवर चुका करून शिकण्याची सोय अशा प्रशिक्षणात असते. हे सारे मोलाचेच आहे. पण यातला क्रम 'आधी पुस्तक, मग यंत्र' असा आहे. श्नायडरच्या योजनेत यंत्रापाशी पडलेला प्रश्न पुढच्या आठवड्यात वर्गात येत असे. आपल्याकडे प्रश्न पडेपर्यंत वर्ग संपलेला असतो.

असा एक प्रश्न परळीने फार मोठ्याने विचारला. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे केंद्राला पाणी उरले नाही आणि वीजनिर्मिती थांबवावी लागली. २०१५ मध्येही तीच वेळ आली. गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येणारे पाणी हा या केंद्राचा आधार. टर्बाइनमधून बाहेर पडलेली वाफ पुन्हा पाण्यात बदलण्यासाठी ती थंड करावी लागते, आणि शीतन मनोऱ्यांतून बरेच पाणी बाष्परूपाने हवेत जाते. विजेच्या एका युनिटमागे साधारण ३ लिटर पाणी लागते असे धरले, तर २५० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालताना तासाला साडेसात लाख लिटर पाणी घेईल. हे गणित नववीतील मुलेही करू शकतील. ज्या जिल्ह्यात पिण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तिथे या गणिताचे मोल वेगळे सांगायला नको.

परळीचे जुने संच आता निवृत्त झाले आहेत. २००७, २०१० आणि २०१६ मध्ये आलेले २५० मेगावॅटचे तीन संच तिथे आहेत. जवळच अंबाजोगाईला अभियांत्रिकी शिक्षणाची सोय आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये पदवी अभ्यासक्रमातच शिकाऊ उमेदवारी समाविष्ट करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यामुळे आळीपाळीने शिकण्याची वाट आता मोकळी आहे. बीडमधला एखादा विद्यार्थी आठवडाभर शीतन मनोऱ्याजवळ काम करून, 'कमी पाण्यात वाफ कशी थंड करता येईल?' हा प्रश्न घेऊन सोमवारी वर्गात आला, तर त्याचे उत्तर शोधायला त्याच्यापाशी अजून दोन-तीन वर्षे, ग्रंथालय आणि शिक्षक असतील.