रोबेर्वालची गुपिते

सायकलच्या चाकाच्या कडेवर खडूने एक ठिपका काढा आणि सायकल सरळ चालवा. पुढे जाता जाता ठिपका हवेत कमानी रेखाटत जातो. या वक्राला सायक्लॉइड म्हणतात. अशा एका कमानीखालचे क्षेत्रफळ किती? बरोबर चाकाच्या वर्तुळाच्या तिप्पट!

कलनशास्त्राचा जन्म व्हायचा होता, तेव्हा म्हणजे १६३० च्या दशकात पॅरिसच्या रोबेर्वाल या प्राध्यापकाने हे सिद्ध केले. पण आपली सिद्धता छापली मात्र नाही. पुढे १६४४ मध्ये टॉरिचेलीने (वायुभारमापकामुळे तो आपल्या परिचयाचा आहे) स्वतःची सिद्धता प्रसिद्ध केली, तेव्हा रोबेर्वालने त्याच्यावर चोरीचा आरोप केला. टॉरिचेलीचे काम स्वतंत्र होते, असे आज मानले जाते.

मग रोबेर्वालने वेळीच का छापले नाही? त्याचे उत्तर त्याच्या नोकरीच्या अटींत सापडते.

शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या रोबेर्वालला १६३४ मध्ये कॉलेज रॉयालमधील गणिताचे रामुस अध्यासन मिळाले. १५७२ मध्ये मारल्या गेलेल्या रामुस या विद्वानाने मृत्युपत्रात त्यासाठी पैसे ठेवले होते. अट अशी, की दर तीन वर्षांनी या जागेसाठी खुली स्पर्धा घ्यावी. स्पर्धेतले प्रश्न काढायचे ते जागेवर असलेल्या प्राध्यापकानेच! प्राध्यापकाने आळशी बनू नये, हा हेतू चांगलाच होता. परंतु नवी रीत छापली, की ती प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाणार. म्हणून रोबेर्वाल आपल्या रीती झाकून ठेवी, असे इतिहासकार सांगतात. १६७५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, चाळीस वर्षे त्याने जागा राखली. त्याचे बरेचसे लेखन मात्र १६९३ मध्ये, मरणोत्तर छापले गेले. जागा राहिली, श्रेय गेले.

आता आपल्याकडे पाहू. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांना गुण ठेवले. हेतू इथेही चांगलाच होता. पण पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके बोकाळली. २०१८ मध्ये आयोगाला आपल्याच यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली.

एका नियमाने ज्ञान लपवायला लावले, दुसऱ्याने नसलेले ज्ञान छापायला. माणसे दोन्हीकडे आपल्यासारखीच, नोकरी जपणारी. आपणही वर्गात गुणांचे नियम करतोच. त्या नियमांमुळे मुले काय लपवतात आणि काय नुसतेच दाखवतात, हे आपण कधी तपासतो का?