किंबांगू पंथ
आफ्रिकेतील काँगो प्रदेशात १९२१ मध्ये उदयास आलेला स्वतंत्र ख्रिस्ती पंथ. युरोपीय मिशनांच्या नियंत्रणाबाहेर, आफ्रिकी नेतृत्वाखाली वाढलेल्या चर्चसंस्थांपैकी ही एक प्रमुख संस्था होय. या प्रदेशास ख्रिस्ती धर्म नवा नव्हता. कोंगो राज्याच्या राजाने १४९१ मध्येच बाप्तिस्मा घेतला होता आणि ख्रिस्त कोंगोतच जन्मला, असे सांगणाऱ्या किंपा व्हीटा या तरुणीस १७०६ मध्ये जिवंत जाळण्यात आले होते.

पंथाचा संस्थापक सायमन किंबांगू (सु. १८८७–१९५१) हा न्कांबा गावचा. बॅप्टिस्ट मिशनमध्ये त्यास १९१५ मध्ये बाप्तिस्मा मिळाला. ६ एप्रिल १९२१ रोजी त्याने एका आजारी स्त्रीस प्रार्थनेने बरे केल्याची वार्ता पसरली व मळ्यांवरील कामे टाकून मजूर न्कांब्याकडे लोटले. जादूटोण्याच्या वस्तू व बहुपत्नीकत्व यांचा त्याग करावा, असा त्याचा उपदेश होता. शस्त्र उचलण्यास त्याने कोणास सांगितले नाही. परंतु मजूर आपल्या मर्जीने काम सोडून जातात, हीच गोष्ट बेल्जियन सत्तेस बंडासारखी वाटली. सप्टेंबरमध्ये तो आपण होऊन स्वाधीन झाला. बचावाचा वकील न देता लष्करी न्यायालयाने त्यास १२० फटके व देहान्ताची शिक्षा फर्माविली. राजा पहिला आल्बर्ट याने देहान्ताऐवजी जन्मठेप दिली. अवघ्या सहा महिन्यांच्या कार्यासाठी त्याने तीस वर्षे कारावास भोगला आणि १२ ऑक्टोबर १९५१ रोजी एलिझाबेथव्हिल (आताचे लुबुंबाशी) येथील तुरुंगात तो मरण पावला.

सरकारने त्याच्या हजारो अनुयायांना दूरच्या प्रांतांत हद्दपार केले. पंथ मोडण्याचा हा उपाय उलट त्याच्या प्रसारास कारणीभूत झाला, कारण हद्दपार मंडळींनी जेथे गेली तेथे प्रार्थनासभा सुरू केल्या. किंबांगूची पत्नी मारी म्विलू हिने गुप्तपणे संघटना टिकविली. १९५९ मध्ये, मुलगा जोझेफ द्यांग्येंडा याच्या नेतृत्वाखाली पंथास कायदेशीर मान्यता मिळाली.

१९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेने पंथास सदस्यत्व दिले. आफ्रिकेत जन्मलेल्या चर्चला मिशनरी चर्चच्या पंक्तीस बसविणारी ही घटना होती. स्थलांतरितांबरोबर पंथ बेल्जियम, फ्रान्स आदी देशांत पोहोचला. प्रभुभोजनात भाकरी व द्राक्षारस यांऐवजी मका, बटाटा व मध वापरतात. वाद्यवृंदांची परंपरा मोठी असून १९९४ मध्ये किन्शासात सिंफनी वाद्यवृंद स्थापन झाला. पुढे किंबांगू हाच पवित्र आत्मा होय, ही श्रद्धा बळावली. ती मान्य होण्यासारखी नसल्याने परिषदेने २०२१ मध्ये सदस्यत्व संपुष्टात आणले. २०२३ पासून काँगो लोकसत्ताक प्रजासत्ताकात ६ एप्रिल हा सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.