घागरीच्या तळाशी बसलेला इतिहास

पावसाळ्यात नदीचं गढूळ पाणी घरी आलं, की माझी दादी त्यात तुरटी फिरवायची आणि घागर रात्रभर ठेवून द्यायची. सकाळी वर नितळ पाणी, तळाशी बोटभर गाळ. गाळाच्या खडकांची गोष्ट या घागरीपासूनच सुरू होते.

महाराष्ट्र म्हटलं की आपल्याला काळा पाषाण आठवतो. तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वालुकाश्म किंवा दगडी कोळसा मात्र आगीतून जन्मलेला नाही. ऊन-पाऊस खडक झिजवतात, नदी ती रेती-माती वाहून नेते. पाण्याला जोर असतो तिथे गोटे आणि जाडी रेती उरते; पाणी संथ झालं की बारीक चिखल बसतो. थरावर थर चढतात, ओझ्याखाली पाणी पिळून निघतं आणि पाण्यातला चुना किंवा सिलिका कणांना सांधते. रेतीचा वालुकाश्म होतो, उथळ समुद्रातल्या शिंपल्यांची चुनखडी आणि दलदलीत गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांचा कोळसा. म्हणजे असा प्रत्येक दगड त्या जागेच्या जुन्या हवापाण्याचा दाखलाच असतो.

हा दाखला आपल्याकडे मन लावून वाचला तो स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. 1845 मध्ये ते नागपूरला आले. मुलांना शिकवता शिकवता सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी आसपासचा मुलूख पालथा घातला. त्यांचा निबंध 1855 मध्ये लंडनला छापून आला. सीताबर्डी आणि टाकळी इथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातले शंख असलेला गाळ सापडला. लाव्हाच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत इतका काळ गेला होता, की मध्ये तळी साचली आणि त्यांत गोगलगाई नांदल्या!

नागपूर-कामठीकडच्या त्याहून कितीतरी जुन्या खडकांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे आहेत. तशीच पानं ऑस्ट्रेलिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही सापडली. आपल्याकडच्या या खडकांना मेडलिकॉट यांनी 1872 मध्ये गोंडांच्या मुलखावरून ‘गोंडवाना’ नाव दिलं. 1885 मध्ये स्यूस यांनी तेच नाव दक्षिणेच्या प्राचीन भूमीला दिलं. गोंडांचं नाव असं जगाच्या भूगोलात गेलं.

4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन दफनस्थळं पाहून परतताना, पूर आलेला नाला ओलांडताना हिस्लॉप बुडाले. ज्या वाहत्या पाण्याच्या खुणा त्यांनी दगडांत शोधल्या, त्याच पाण्याने त्यांना नेलं.

आज आपण टेकडी फोडतो, कोळसा जाळतो. त्याआधी त्यात काय लिहिलंय हे क्वचितच पाहतो. दादी रात्री बजावायची, ‘घागरीला हात लावू नका, सगळं ढवळून जाईल.’ टेकडीला सुरुंग लावताना हे बजावणारं माणूस आपल्याकडे हवं.