पिकअपच्या पुढच्या चाकातून आवाज येतोय? कोणता पार्ट झिजलाय, हे कसं ओळखायचं

मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी कांदा निघायला लागला की नांदगाव तालुक्यातल्या पिकअपना उसंत नसते. शेतातून कच्च्या रस्त्यानं चाळीपर्यंत, तिथून नांदगाव, मनमाड किंवा लासलगावच्या बाजार समितीत आणि रिकामी गाडी परत. अशा धावपळीत एक दिवस पुढचं चाक खड्ड्यात गेलं की ‘टक्’ असा आवाज यायला लागतो. ड्रायव्हर दोन दिवस गाण्यांचा आवाज वाढवून बघतो. मालक विचारतो, “एवढा हंगाम निघेल का?”

याचं उत्तर आवाजावर नाही, तर झिजलेला पार्ट कोणता आहे यावर ठरतं. पुढच्या सस्पेन्शनमधले काही पार्ट झिजले तर गाडी नुसती आदळते आणि टायर लवकर जातात. काही पार्ट मात्र सुटले तर चाक आडवं होतं किंवा स्टीअरिंग फिरवूनही चाक वळत नाही. दोन्हींचा आवाज सुरुवातीला सारखाच असू शकतो.

पुढच्या चाकामागे काय असतं?

आपल्याकडच्या पिकअपमध्ये मुख्यतः दोन रचना दिसतात.

पहिली पाट्यांची. दोन्ही पुढची चाकं एकाच लोखंडी अ‍ॅक्सलला जोडलेली असतात आणि अ‍ॅक्सल पाट्यांवर बसतो. यू-बोल्ट पाटे आणि अ‍ॅक्सल एकत्र आवळून धरतात. पाट्याच्या टोकांच्या डोळ्यांत बुश असतात. चाक वळतं ते बहुतेक वेळा किंगपिनवर.

दुसरी आर्मची. यात प्रत्येक चाक स्वतंत्रपणे खाली-वर होतं. वर एक आणि खाली एक आर्म असतो. आर्म चेसिसला रबरी बुशनं आणि चाकाकडच्या बाजूला बॉल जॉइंटनं जोडलेला असतो. इसुझू डी-मॅक्समध्ये अशी रचना आहे.

दोन्हींत शॉकअब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत शॉकअप, चाकाचं बेअरिंग आणि टाय रॉड एंड असतातच. आपल्या गाडीत कोणती रचना आहे, हे आधी खाली वाकून पाहावं. पुढची तपासणी त्यावर अवलंबून आहे.

आधी टायर पाहा

गाडी उचलण्याआधी टायर बरंच काही सांगतो.

• टायर फक्त आतून किंवा फक्त बाहेरून झिजला असेल, तर अलाइनमेंट बिघडलं आहे. त्यामागे झिजलेला बॉल जॉइंट, बुश, किंगपिन किंवा वाकलेला पार्ट असू शकतो.
• टायरवरून आडवा हात फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं, तर टो, म्हणजे दोन्ही चाकांच्या तोंडाची दिशा, चुकलेली आहे. टाय रॉड एंड तपासावेत.
• टायरवर ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील, तर शॉकअप गेल्याची किंवा चाक बॅलन्स नसल्याची शक्यता जास्त.

आवाजाचाही अंदाज घेता येतो. छोट्या खड्ड्यात टकटक झाली तर बुश किंवा जॉइंट, वेग वाढला की वाढणारी घरघर आली तर बेअरिंग आणि गतिरोधकावर करकर झाली तर कोरडे पडलेले बुश किंवा पाटे. पण हा फक्त अंदाज आहे. नुसत्या आवाजावरून पार्ट बदलू नये. शॉकअपची नवी जोडी बसवूनही टकटक तशीच राहते, ती बहुधा याच घाईमुळे.

चाकं जमिनीवर असताना

गाडी रिकामी करून सपाट जागेवर लावावी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंना टेपनं मोजावी. एक बाजू स्पष्टपणे बसलेली असेल, तर त्या बाजूचा पाटा तुटला आहे का किंवा स्प्रिंग दबली आहे का, ते पाहावं. पाट्यावरची तडक चिखलाखाली लपते, म्हणून आधी पाणी मारून धुवावं.

मग एकानं स्टीअरिंग धरून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं हलवत राहावं आणि दुसऱ्यानं शेजारून टाय रॉड एंडवर हात ठेवावा. पॉवर स्टीअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढूनच हे करावं. जॉइंटमध्ये हाताला ‘टक्’ जाणवला, म्हणजे एक भाग हलतो आणि दुसरा उशिरा हलतो असं दिसलं, तर तो जॉइंट गेला.

शॉकअपवर तेलाचा हलका ओलावा चालतो, पण तेल ओघळत असेल तर तो संपला. बंपर दाबून सोडला की गाडी एक-दोन हेलकाव्यांत थांबायला हवी. पाट्यांच्या कडक गाडीत मात्र या चाचणीवर फार विसंबू नये.

चाक उचलून: सगळ्यात महत्त्वाची चाचणी

मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. गाडी उचलल्यावर खाली मजबूत स्टँड द्यावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

जॅक कुठे लावला, यावरही निदान बदलतं. पाट्यांच्या गाडीत अ‍ॅक्सलखाली लावावा. आर्मच्या गाडीत स्प्रिंगचा भार बहुधा खालच्या आर्मवर असतो, तेव्हा त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ लावावा. तिथे चेसिसखाली जॅक लावला तर स्प्रिंग आर्मला खाली दाबून धरते, जॉइंट ताणलेला राहतो आणि झीज असूनही चाक घट्ट वाटतं. “गॅरेजमध्ये दाखवलं, काही नाही म्हणाले,” असं होण्याचं हे एक मोठं कारण.

आता चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळाच्या 12 आणि 6 वर धरून हलवावं. खेळ जाणवला तर दोष बेअरिंगमध्ये आहे की बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये? साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगावं आणि चाक पुन्हा हलवावं. खेळ गायब झाला तर दोष बेअरिंगमध्ये. तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये. ब्रेक दाबल्यावर हब आणि त्यामागचा भाग एकमेकांना जखडले जातात, म्हणून हा फरक कळतो.

नंतर 9 आणि 3 वर धरून हलवावं. फक्त इथेच खेळ असेल तर टाय रॉड एंड किंवा स्टीअरिंगचे इतर जोड पाहावेत. शेवटी लोखंडी पहार घेऊन बुश हलक्या हातानं ढकलून पाहावेत. रबर फाटलेलं किंवा धातूपासून सुटलेलं लगेच दिसतं.

कोणतं काम थांबू शकतं, कोणतं नाही?

गाडी तिथेच उभी करावी असे दोष:
• बॉल जॉइंट किंवा किंगपिनमध्ये स्पष्ट खेळ
• टाय रॉड एंड ढिला किंवा त्याची स्प्लिट पिन गायब
• मेन पाटा तुटलेला, यू-बोल्ट सैल किंवा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकलेला
• बेअरिंगमध्ये मोठा खेळ, घरघर किंवा हब हात लावता येणार नाही इतका गरम

काही दिवसांत करावीत अशी कामं:
• तेल गळणारे शॉकअप. यात ब्रेक लावताना चाकाची पकड कमी होते, म्हणून तोवर वेग आणि माल दोन्ही कमी ठेवावेत.
• चिरा पडू लागलेले, पण जागेवर असलेले बुश
• जॉइंटवरचं फाटलेलं रबरी कव्हर. आत धूळ गेली की चांगला जॉइंटही लवकर झिजतो.

दुरुस्तीत कुठे चुकतं?

शॉकअप आणि पाटे जोडीनं बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला की गाडी एका बाजूला ओढू शकते.

रबरी बुशचे बोल्ट चाक लटकत असताना पूर्ण आवळू नयेत. गाडीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळ द्यावा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवा बुश लवकर फाटतो.

टाय रॉड एंड काढताना किती आटे फिरले ते मोजून ठेवावेत आणि नवा तेवढाच बसवावा. त्यानं गाडी अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. पण जॉइंट, आर्म किंवा टाय रॉड एंड बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी घालावी.

किंगपिनचं काम नुसती पिन बदलून होत नाही. नवे बुश दाबून बसवल्यावर ते रीमरनं पिनच्या मापाला आणावे लागतात. बऱ्याच गाड्यांत चाकाचं बेअरिंग हब नटनं सेट करता येतं, तेव्हा खेळ दिसला म्हणून लगेच नवं घ्यायची गरज नसते. मात्र नट जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं.

तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरू नये. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागचं पोलाद आपली ताकद गमावतं आणि पाटा पुन्हा तिथेच तुटतो. यू-बोल्ट बसवल्यानंतर काही शे किलोमीटरनी पुन्हा आवळून घ्यावेत.

पाटा वाढवला की माल वाढवता येतो का?

नाही. 1.7 टनांची पिकअप म्हणजे 17 क्विंटल मालाची गाडी. जादा पाटा टाकल्यानं गाडी बसलेली दिसत नाही, पण अ‍ॅक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. जादा माल मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे लादला, तर पुढची चाकं हलकी होऊन स्टीअरिंगची पकड सुटते.

2019 मध्ये सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यात जादा मालासाठी 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. मालवाहू गाडीचा फिटनेस दाखला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावा लागतो. पण दोन दाखल्यांच्या मध्ये एखादा अख्खा कांद्याचा हंगाम जाऊ शकतो. म्हणून ग्रीस निपल असलेल्या किंगपिन आणि शॅकलना कंपनीनं सांगितलेल्या अंतरावर ग्रीस मारावं. हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर चाक उचलून वरची चाचणी करावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

“एवढा हंगाम निघेल का?” हे त्या चाचणीनंतरच ठरवता येतं. बुशच्या चिरा असतील, तर कमी माल घेऊन आठवडाभर काम चालेल. बॉल जॉइंट हलत असेल, तर पुढची खेपसुद्धा करू नये.