जुना पाळणा, नवा रंग

देऊळगाव राजा : तान्ह्या बाळासाठी पाळणा विकत आणण्यापेक्षा आजोळच्या माळ्यावरचा उतरवून घेणे, ही आपल्याकडची जुनी रीत. बुलडाणा जिल्ह्याच्या जालन्याकडील टोकाला वसलेल्या देऊळगाव राजासारख्या गावात ती अद्याप अपरिचित नाही. बारशाची तारीख ठरली की काकाकडचा पाळणा, मावशीकडचा पांगुळगाडा आणि थोरल्या भावंडाची बुटकी खुर्ची अशी जमवाजमव सुरू होते. जे नात्यात मिळत नाही ते जुन्या बाजारात शोधले जाते. लाकूड सागाचे असेल तर चाळीस-पन्नास वर्षांचा पाळणाही थोड्या डागडुजीने आणखी एक पिढी झोपवू शकतो. खर्च होतो तो पॉलिश पेपर, प्रायमर, रंगाचा लहान डबा आणि दोन सुट्ट्यांचे श्रम एवढाच.

मात्र या कामात रंगाची छटा निवडण्याआधी आणखी काही पाहावे लागते. दात येऊ लागलेले मूल पाळण्याचा कठडा चावते. त्या कठड्यावर पूर्वी कोणता रंग दिला होता, हा खरा प्रश्न आहे.

शिसे कोठे दडलेले असते

तेलरंग लवकर वाळावा आणि पिवळा, केशरी, हिरवा, लाल या छटा टवटवीत दिसाव्यात म्हणून रंगात शिशाची संयुगे घालण्याची पद्धत अनेक दशके चालू होती. मुलांच्या वस्तूंना नेमक्या याच छटा आवडीने दिल्या जातात. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्येच बंदी घातली. भारतात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे नियम २०१६ मध्ये निघाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असे बंधन आले. त्यानंतरही लहान उत्पादकांच्या काही रंगांत मर्यादेहून कितीतरी अधिक शिसे आढळल्याचे दिल्लीच्या 'टॉक्सिक्स लिंक' या संस्थेच्या तपासण्यांत दिसून आले. तेव्हा २०१७ पूर्वीच्या वस्तूवरील रंग शिसेयुक्तच आहे असे धरून चालणे शहाणपणाचे. नव्या डब्यावर शिशाचे प्रमाण ९० भागांच्या आत असल्याची नोंद छापलेली आहे ना, हेही दुकानातच पाहून घ्यावे.

लोखंडी पाळण्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पूर्वी लोखंडावर गंज चढू नये म्हणून पहिला हात शेंदराचा देत. शेंदूर म्हणजे शिशाचेच संयुग. आज दुकानात मिळणारा रेड ऑक्साइड प्रायमर दिसायला तांबूस असला तरी तो लोहाच्या ऑक्साइडचा असतो. दोहोंची गल्लत करू नये. जुन्या रंगाच्या पापुद्र्याखाली भडक केशरी थर दिसला तर तो घरी घासण्याच्या भानगडीत पडूच नये.

शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलाच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि झालेली हानी भरून येत नाही. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात चिंताजनक प्रमाणात शिसे असल्याचा अंदाज युनिसेफने २०२० मध्ये मांडला होता. त्याला कारणे अनेक आहेत, जुना रंग हे त्यांपैकी एक. पण घरच्या घरी टाळता येण्याजोगे.

घासावे, पण ओले

जुना रंग कोरडा घासला की त्याची पूड घरभर पसरते आणि रांगणाऱ्या बाळाच्या हाताला लागून तोंडात जाते. म्हणून घासकाम अंगणात, ओल्या वॉटर पेपरने करावे. खाली जुने प्लास्टिक अंथरावे, तोंडाला चांगला मास्क बांधावा. गर्भवती स्त्री व लहान मुले यांनी त्या दिवशी तिकडे फिरकू नये. बारशाच्या घाईत होणारी आईच हे काम अंगावर घेते, असे अनेक घरांत घडते. ते कटाक्षाने टाळावे. रंग जाळून काढण्याची रंगाऱ्यांची पद्धत तर पूर्णपणे वर्ज्य, कारण त्यातून शिशाची वाफ निघते. काम संपल्यावर केरसुणी न फिरवता साबणाच्या पाण्याने फडके पिळून पुसावे आणि तो कचरा चुलीत न घालता पिशवीत बांधून टाकावा.

रंग घट्ट बसलेला असेल तर सगळाच काढण्याची गरज नाही. वरचा तकाकीपणा मोडेल इतके ओले घासून त्यावर प्रायमर आणि रंगाचे दोन हात दिले की जुना थर झाकला जातो. अपवाद मुलाच्या तोंडाला लागणाऱ्या भागांचा. तेथे दात नवा थर सहज भेदतात. कठड्याच्या वरच्या पट्ट्या व दांडे काताऱ्याकडून नवे करून घ्यावेत, हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक उपाय होय.

नव्या दांड्यांना रंग देण्याऐवजी लाखेचे पॉलिश द्यावे. अर्धा लिटर स्पिरिटमध्ये ७५ ते १०० ग्रॅम लाखदाणा रात्रभर भिजवला की पॉलिश तयार. ते कापसाच्या बोळ्याने पातळ थरांत चढवावे; एक थर अर्ध्या-पाऊण तासात वाळतो. पळस-बोरीवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख औषधाच्या गोळ्यांवरही चढवतात. पाण्याने तिच्यावर पांढरे डाग पडतात, एवढाच तिचा दोष. विदर्भात जवसाची वाण नाही. घाण्याचे कच्चे जवस तेलही चालते, पण ते वाळायला दिवसेंदिवस लागतात. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवाव्यात. स्पिरिटचे काम करतानाही जवळपास चूल किंवा दिवा नसावा.

काय घ्यावे, काय सोडावे

लाकडाखाली ताज्या भुशाची रांगोळी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. मुलाच्या बिछान्यात कीटकनाशक ओतण्यापेक्षा ती वस्तू सोडून दिलेली बरी. ढेकूण हा त्यामानाने सोपा शत्रू. सांध्यांत उकळते पाणी घालून वस्तू कडक उन्हात ठेवावी. भुश्याच्या दाबीव फळ्यांच्या वस्तूंना पाणी लागून कडा फुगल्या असतील तर त्यांवर पैसा घालू नये.

कठड्याच्या दोन दांड्यांमधील अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावे, असा अमेरिकेतील निकष आहे. त्याहून रुंद फटीतून बाळाचे अंग बाहेर जाऊन डोके अडकते. खाली सरकणाऱ्या कठड्याच्या पाळण्यांवर तेथे २०११ मध्ये बंदी आली. आपल्याकडच्या जुन्या पाळण्यांत फटी बहुधा रुंद असतात, पण मध्ये एकेक दांडा वाढवणे हे सुताराचे तासाभराचे काम. गादी आणि कठडा यांत दोन बोटांहून अधिक जागा राहू नये.

चाकांचा, आत बसवायचा गोल वॉकर फुकट मिळाला तरी घेऊ नये. जिन्यावरून कोसळून होणाऱ्या दुखापतींमुळे कॅनडाने २००४ मध्ये त्याची विक्री बंद केली, जुना विकण्यासही मनाई केली. उभे राहून ढकलायचा आपला पांगुळगाडा त्यापेक्षा पुष्कळ बरा. त्याच्या चाकांची धाव थोडी जड ठेवावी.

लहान खुर्ची-मेजाला फारसे काही लागत नाही. ढिले सांधे सुट्टे करून जुना सरस खरवडावा आणि नवा लावून दोरीने रात्रभर आवळून ठेवावे. वरून खिळे ठोकण्याची घाई करू नये, त्याने लाकूड फाटते. खुर्चीवर बसल्यावर मुलाची टाच जमिनीला टेकली पाहिजे. पाय उंच असतील तर करवतीने कापावेत. पुस्तकांचे उंच कपाट असेल तर ते भिंतीला पट्टीने जखडावे, कारण मुले खण उघडून त्यावर चढतात.

रंगाचे हिशेब सोपे आहेत. एक लिटर तेलरंग दोन हातांत शंभर चौरस फुटांच्या आसपास भागतो. पाळण्याला अर्धा लिटर पुरतो, खुर्चीला दोनशे मिलिलिटरचा डबा पुष्कळ. पावसाळ्यात हे काम काढू नये. दमट हवेत रंग चिकट राहतो. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. शेवटच्या हातानंतर वस्तू किमान पंधरा दिवस हवेशीर जागी, वास पूर्ण जाईपर्यंत ठेवावी.

पाळणा टांगण्यापूर्वी कड्या, साखळ्या आणि आढ्याचा हूक हाताने तपासावा. झिजलेली कडी बदलून टाकावी. मग त्यात वीस किलो गव्हाचे पोते ठेवून दिवसभर अधूनमधून झोके द्यावेत. रिकामा पाळणा हलवू नये म्हणणाऱ्या आजीचीही त्याला हरकत नसावी.