कानावरून आलेली नावे, पोथीतून आलेली नावे

रसायनशास्त्राच्या तासाला फॉस्फरसचे स्पेलिंग फळ्यावर लिहिले, की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, 'फ'साठी एफ असताना इथे दोनदा पी-एच कशाला?" बहुतेक वेळा आपण "ते तसेच आहे, पाठ करा" असे सांगून पुढे जातो. आम्हीही विद्यार्थी असताना हेच उत्तर ऐकले होते. पण हा प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आपल्याला दोन हजार वर्षांहूनही मागे, प्राचीन रोममध्ये घेऊन जाते.

फोस्फोरोस हे मुळात ग्रीक पुराणकथांतील नाव. पहाटे दिसणारा शुक्रतारा हा उषादेवीचा मुलगा. तो 'प्रकाश आणणारा', म्हणून फोस्फोरोस. रोमन लोकांकडे या नावाच्या अर्थाचा 'लुकिफेर' असा स्वतःचा लॅटिन शब्द होता. शिवाय मूळ ग्रीक नावही त्यांनी 'फोस्फोरुस' असे उचलले. १६६९ साली हेनिग ब्रांट या जर्मन किमयागाराला अंधारात चमकणारा एक पदार्थ मिळाला. पुढे त्या पदार्थाला हेच नाव चिकटले.

ग्रीक देवदेवता आणि वीर यांची शेकडो नावे लॅटिनमध्ये गेली, पण ती सगळी एकाच वाटेने गेली नाहीत. हे समजायला मराठी माणसाला फार कष्ट पडू नयेत. आपल्या व्याकरणात तत्सम आणि तद्भव असे दोन प्रकार आपण शिकवतोच. 'कृष्ण' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला, तर 'कान्हा' हे त्याच नावाचे लोकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झालेले रूप. लॅटिनमध्येही नेमके असेच घडले.

गानिमेदेस या देखण्या राजकुमाराला देवांचा राजा झ्यूस पळवून नेतो आणि आपला प्यालेवाहक करतो, अशी ग्रीक कथा आहे. हे नाव लॅटिनमध्ये दोनदा आले. प्लाउटुस हा नाटककार इ.स.पू. २०० च्या सुमारास लिहीत होता. त्याच्या एका नाटकात या राजकुमाराचे नाव 'कातामितुस' असे येते. पुढच्या काळातील ग्रंथांत मात्र 'गानिमेदेस' हे शुद्ध रूप दिसते. एक तद्भव, दुसरे तत्सम! पण 'ग'चा 'क' आणि 'द'चा 'त' कोणी केला? रोमन लोकांना तर 'ग' आणि 'द' उत्तम म्हणता येत होते.

येथे एक तिसरा समाज पुढे येतो. रोमच्या उत्तरेला एट्रुस्कन लोक राहत. इटलीतील आजच्या तोस्काना प्रांताचे नाव त्यांच्यावरूनच पडले. त्यांची लिपी आपल्याला वाचता येते, कारण ती ग्रीक लिपीवरून घेतलेली आहे. भाषा मात्र फारच थोडी उलगडली आहे. तिच्यात ग, द, ब हे उच्चार नव्हते. एट्रुस्कन लोकांनी कांस्याच्या आरशांवर ग्रीक कथांतील प्रसंग कोरले आणि शेजारी नावेही कोरली. त्या भाषेत गानिमेदेस होतो 'कात्मिते' आणि हेराक्लेस होतो 'हेर्क्ले'. रोमन 'कातामितुस' कोणत्या वाटेने आला, हे आता वेगळे सांगायला नको. 'हेर्क्ले'मधील जोडाक्षर रोमन जिभेने फोडले, मध्ये एक 'उ' घातला आणि 'हेर्कुलेस' तयार झाला. आस्क्लेपिओस या वैद्यकाच्या देवाचा 'ऐस्कुलापिउस' झाला, त्यातही असाच 'उ' शिरला आहे.

याच एट्रुस्कन लोकांची आणखी एक खूण आपण रोज वापरतो. ग्रीक वर्णमालेतील तिसरे अक्षर 'ग'चे. एट्रुस्कन भाषेत 'ग' नसल्यामुळे ते अक्षर 'क'साठी वापरले गेले, आणि रोमन लोकांनी ते तसेच घेतले. ते अक्षर म्हणजे इंग्रजीतील 'सी'. मग 'ग'साठी अक्षर उरले नाही, तेव्हा इ.स.पू. तिसऱ्या शतकात 'सी'ला एक रेघ जोडून 'जी' बनवावा लागला. भाषा लोपली, पण तिची उणीव मात्र वर्णमालेत कायम राहिली.

आता दुसऱ्या वाटेकडे वळू. इ.स.पू. दुसऱ्या शतकात रोमने ग्रीस जिंकला. सुशिक्षित रोमन ग्रीक ग्रंथ मुळातून वाचू लागले आणि मोडक्या उच्चारांची त्यांना लाज वाटू लागली. ग्रीक भाषेत फ, थ, ख असे महाप्राण होते. हा 'फ' म्हणजे इंग्रजी एफ नव्हे. 'फळ' म्हणताना आपण दोन्ही ओठ मिटून 'प'मध्ये हकार मिसळतो, तसा तो उच्चार होता. लॅटिनमध्ये महाप्राण नव्हते, म्हणून आधी नुसता 'प' लिहिण्याची पद्धत होती. आता 'प'ला 'ह' जोडून पी-एच, 'त'ला जोडून टी-एच आणि 'क'ला जोडून सी-एच लिहू लागले. म्हणजे पी-एच ही जोडी विक्षिप्त नाही. ती 'प्' अधिक 'ह' अशी सरळ बेरीज आहे. पुढे ग्रीकांचाच उच्चार बदलून एफसारखा झाला, पण स्पेलिंग तसेच राहिले.

एवढ्यावरही भागले नाही. ग्रीकमधील 'इ' आणि 'उ' यांच्या मधला एक स्वर आणि 'झ'सारखा उच्चार यांसाठी लॅटिनमध्ये अक्षरेच नव्हती. इ.स.पू. पहिल्या शतकात वाय आणि झेड ही अक्षरे खास ग्रीक शब्दांसाठी घेतली गेली. नंतर आलेल्यांना रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. म्हणून ती वर्णमालेच्या टोकाला आहेत. हा बदल सर्वांच्या अंगवळणी लगेच पडला नाही. इ.स.पू. ४६ मध्ये सिसेरोने नोंदवले आहे, की जुना कवी एन्निउस 'पिर्रुस' हे नाव 'बुर्रुस' असे लिहीत असे.

विज्ञानाने उचलली ती प्रामुख्याने पोथीतून आलेली रूपे, कारण युरोपातील विद्वान अनेक शतके लॅटिनमध्ये लिहीत होते. १७८१ साली विल्यम हर्शेलने नवा ग्रह शोधला, तेव्हा बोडे या खगोलशास्त्रज्ञाने त्यासाठी ग्रीक आकाशदेव 'ऊरानोस' याचे नाव सुचवले. शेवटच्या 'ओस'चा 'उस' होऊन ते युरेनस झाले. या देवाचे खरे रोमन नाव होते काएलुस. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी यांची युरोपीय नावे रोमन देवांची. युरेनस मात्र लॅटिन वेशातील ग्रीक. १७८९ साली क्लाप्रोटने त्यावरून युरेनियमचे नाव ठेवले.

१७५८ साली लिनिअसने अनेक फुलपाखरांना ट्रॉयच्या युद्धकथेतील व्यक्तींची नावे दिली. आपल्याकडे दिसणाऱ्या 'क्रिमझन रोझ'ला त्याने हेक्टर म्हटले. त्याच परंपरेत १७७५ साली क्रेमरने एका मोठ्या निळ्या-काळ्या फुलपाखराला थ्रेसच्या एका राजाचे नाव दिले. ते फुलपाखरू म्हणजे 'ब्लू मॉर्मन', शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. २०१५ साली ते महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू झाले. या राजाचे मूळ ग्रीक नाव पॉलिमेस्टोर, म्हणजे 'न' वाटेत कुठेतरी चिकटलेला आहे!

तेव्हा पुढच्या वेळी पी-एच, सी-एच, टी-एच किंवा मधला वाय दिसला, की विद्यार्थ्यांना आधी एवढेच विचारावे: हा शब्द ग्रीक असेल का? 'सायकॉलॉजी'चे स्पेलिंग घालून पाहा. सुरुवातीचा पी ग्रीक लोक खरोखर उच्चारत, वाय हा रांगेत उशिरा आलेला स्वर आणि सी-एच म्हणजे आपला 'ख'. 'प्सुखे' हे प्रेमदेवाच्या पत्नीचे नाव त्यात दडले आहे. इतके समजल्यावर ते स्पेलिंग घोकावे लागणार नाही. आणि फ, थ, ख सहज म्हणणाऱ्या आपल्या मुलांना, जे रोमन लोकांना अवघड गेले, ते जन्मतःच येते, हेही त्यांना जरूर सांगावे.