अंधारातला फोटो

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या हवालदाराच्या मुलाचा फोन आला. "साहेब, बडाखान्यातला बाबांचा फोटो साफ करून मिळेल का?" हवालदार आता नाहीत. २००४ च्या हिवाळ्यात, लडाखमध्ये, कंदिलाच्या उजेडात मी तो काढला होता. फोटोत टोपी ओळखू येते. चेहरा म्हणजे नुसता रंगीत कणांचा चुरा.

दोष कोणाचा? १९६९ मध्ये बेल लॅब्समध्ये विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. प्रकाश पडला की त्यात विद्युतभार साठतो आणि तो मोजून चित्र बनते. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्ह सॅसन यांनी त्यावर डिजिटल कॅमेरा बांधला. १०,००० बिंदूंचा एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. बॉईल आणि स्मिथ यांना २००९ चे नोबेल मिळाले.

लडाखमध्येच हानले येथे, सुमारे ४५०० मीटर उंचीवर, २ मीटर व्यासाची दुर्बीण सीसीडीनेच अंधुक तारे टिपते. पण तिचा आरसा मोठा, आणि एकाच ताऱ्याकडे ती कितीतरी मिनिटे पाहू शकते. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा, आणि हसणारा माणूस क्षणभरच स्थिर. उजेड थोडा असला की प्रकाशकण मोजकेच आणि अनियमित पडतात. आयएसओ वाढवला की सेन्सरला जास्त दिसत नाही. तोच तुटपुंजा संकेत, त्यातल्या गोंगाटासह, मोठा होतो.

२००७ मध्ये निकॉन डी३ आला. ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर आणि ६४०० आयएसओ. माझ्यासारख्यांना तेव्हा चमत्कारच वाटला. आजचा मोबाइल एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते जुळवतो, म्हणून रात्रीही चेहरा दिसतो. माझ्याकडे मात्र एकच फोटो होता.

हल्लीची सॉफ्टवेअर त्या चुऱ्यातून स्वच्छ चेहरा काढून देतात. मी करून पाहिले. नाक, मिशा, हसू, सगळे आले. पण तो माणूस आमचा हवालदार नव्हता. जो प्रकाश सेन्सरवर पडलाच नाही, तो वीस वर्षांनी कुठून आणणार?

मुलाला मी मूळ फोटोच पाठवला, आणि त्या रात्री त्याचे बाबा कोणाची नक्कल करून सगळ्यांना हसवत होते, ते लिहून कळवले.